ग्रीन डे: बेस ऐकू येत होता तोवरचे अल्बम की त्यानंतरचे?

गोदाकाठ (नांदेड)

वाद तपोवन एक्स्प्रेसमध्ये सुरू झाला. मार्च २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा हा संगीत महोत्सव झाला, ग्रीन डे हा अमेरिकन पंक रॉक बँड पहिल्यांदाच भारतात वाजवून गेला, आणि आम्ही तिघे परतताना कल्याणपासून भांडत आलो. संभाजीनगरला एक उतरली, जालन्याला दुसरा उतरला, आणि पुढे परतूर, सेलू, परभणी, पूर्णा करत नांदेडपर्यंत मी एकटाच खिडकीशी मुद्दे मांडत बसलो. तेच इथे लिहितो. ते दोघेही इथले सदस्य आहेत, येतीलच.

माझं म्हणणं असं. १९९० चा थर्टीनाइन स्मूद, १९९१ चा कर्प्लंक, १९९४ चा डूकी आणि १९९५ चा इन्सॉम्नियाक हे चार अल्बम तीन माणसांचे आहेत. गिटार, बेस (खालच्या सुरांची गिटार) आणि ड्रम ही तीन वाद्यं, आणि तिन्ही वेगवेगळी ऐकू येतात. २००४ च्या अमेरिकन इडियटपासून गिटारवर गिटार रचली गेली आणि बेस त्या ढिगाखाली गेला.

मी स्वतः बेस वाजवतो. इंजिनिअरिंगला असताना नांदेडात बेस गिटार मिळत नव्हती, हैदराबादहून आणली होती. एमपीथ्रीच्या सीडीवर दीडशे गाणी असायची, त्यात डूकीची पाच-सहा. लाँगव्ह्यू पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळलंच नाही की चाल बेस सांभाळतोय. कडवं चालू असताना गिटार नसल्यात जमा. बेसवर माइक डर्न्ट खाली डुलत डुलत चाललाय, ड्रमवर ट्रे कूल ठेका धरून आहे, आणि बिली जो आर्मस्ट्राँग वर गातोय. गिटार येते ती थेट ध्रुवपदाला. ‘शी’ हे गाणंही तसंच, बेस आणि आवाज यांवर सुरू होतं आणि मग अंगावर येतं. इन्सॉम्नियाकमधलं पॅनिक साँग तर आधी बराच वेळ नुसतं घुमत राहतं, बेसवर एकाच सुराचा इतका मारा की हात दुखून येतो. मी वाजवून बघितलंय, मनगट धरतं.

आता सगळ्यात सोपा पुरावा. वेलकम टू पॅराडाइज हे गाणं त्यांनी दोनदा रेकॉर्ड केलंय, आधी कर्प्लंकवर आणि मग डूकीवर. कर्प्लंक काढला लुकआउट नावाच्या छोट्या कंपनीनं. डूकी रिप्राइज या मोठ्या कंपनीनं, निर्माता रॉब कव्हॅलो. दोन्ही पाठोपाठ ऐका. आवाज स्वच्छ झाला, ढोल जाड झाले, पण मांडणी हलली नाही. मधे गाणं थांबतं आणि बेसच्या वळणावर काही वेळ सगळं उभं राहतं, ते दोन्हीकडे तसंच आहे. त्यामुळे ‘मोठ्या कंपनीत गेले आणि बिघडले’ हे मला मान्य नाही. डूकी मोठ्या कंपनीचाच आहे.

बिघडलं ते नंतर. बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स घ्या. थरथरणारी गिटार, तिच्या खाली अकूस्टिक (बिनविजेची) गिटार, मग जाड गिटारचे थर. बेस जागेवर आहे, पण काढून टाकला तर किती जणांना कळेल? आणि वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स मला तरी रेडिओसाठीच बेतलेलं वाटत आलंय.

तुम्ही कोणत्या बाजूचे आणि का, ते गाण्यांची नावं घेऊन सांगा. नुसतं ‘जुनं ते सोनं’ नको.

---

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

तू मनमाडला वॉर्निंग गाळलास आणि इथेही गाळलास. १९९५ वरून थेट २००४ वर उडी मारता येत नाही. मधे १९९७ चा निमरॉड आहे आणि २००० चा वॉर्निंग आहे, आणि तुझा मुद्दा नेमका तिथेच अडतो.

वॉर्निंगमध्ये बिली जोनं बऱ्याच ठिकाणी अकूस्टिक गिटार घेतली. म्हणजे काय झालं? गिटारचा गोंगाट बाजूला सरला आणि बेसला जागा मिळाली. शीर्षकगीत ऐक. तीच तीच ओळ गोल फिरत राहते आणि तिचं वजन सगळं माइकच्या बोटांवर आहे. चर्च ऑन संडे ऐक, वेटिंग ऐक. कानाला डूकीपेक्षा तिथे बेस जास्त लागतो. तुझ्या मापानं मोजलं तर वॉर्निंग हा त्यांचा सर्वांत चांगल्या दोन-तीन अल्बमांपैकी एक ठरायला हवा. पण तो खपला कमी, जुन्यांना नरम वाटला आणि नव्यांपर्यंत पोचलाच नाही, म्हणून तू त्याला मोजत नाहीस.

निमरॉडबद्दलही तेच. अठरा गाणी आहेत त्यात. हिचिंग अ राइड व्हायोलिननं सुरू होतं आणि मग बेस जे झुलत येतो ते तुझ्या चार अल्बमांत कुठे आहे? एक अख्खं गाणं शब्दांशिवाय आहे. एकात पितळी वाद्यं आहेत. आणि गुड रिडन्स, ज्याच्यावर सगळे ‘मऊ पडले’ म्हणून बोट ठेवतात, ते तर डूकीच्या काळातच लिहिलेलं होतं. बाकीच्या गाण्यांत बसेना म्हणून बाजूला राहिलं. म्हणजे मऊपणा नंतर आला असं नाही, तो आधीपासून होता. दाखवायची हिंमत नंतर आली.

आता अमेरिकन इडियट. तू म्हणतोस तीन माणसांचे अल्बम आधी होते. होमकमिंग ऐकलंस ना? नऊ मिनिटांच्या वर चालणारं गाणं, पाच तुकडे. त्यातला एक तुकडा माइकनं गायलाय, एक ट्रेनं. ते गाणं जन्मलंच तसं. माइक स्टुडिओत एकटा होता, त्यानं अर्ध्या मिनिटाचं एक गाणं करून ठेवलं. ते ऐकून बिली जोनं त्याला आपलं अर्धं मिनिट जोडलं, मग ट्रेनं आपलं. एकमेकांवर चढाओढ करत ते वाढत गेलं. एका अल्बमवर तिघांचे आवाज, तिघांचे तुकडे. ह्याला तीन माणसांचा अल्बम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि हे सगळं कशानंतर, तर सिगारेट्स अँड व्हॅलेंटाइन्स नावाचा जवळजवळ झालेला अल्बम चोरीला गेल्यावर. मूळ टेपच गेल्या. तेच पुन्हा रेकॉर्ड करता आलं असतं. त्यांनी ते सोडून दिलं आणि कोऱ्या पाटीवर बसले.

माझा खरा मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो गाडीत तुम्ही दोघांनी पूर्ण ऐकून घेतला नाही. डूकीतला ‘मी’ हा बिली जो स्वतः आहे. कंटाळा त्याचा, घाबरून छाती धडधडते ती त्याची, घर सोडून राहतो तोही तोच. रोजनिशीच आहे ती. अमेरिकन इडियटमध्ये सोंग आहे. जीझस ऑफ सबर्बिया हे एक सोंग, सेंट जिमी हे दुसरं, व्हॉट्सरनेम ही तिसरी. मी पैठणच्या वाटेवर वाढले, नाथषष्ठीला भारुडं ऐकलीत. नाथांचं भारूड ‘मी’ म्हणतं तेव्हा तो मी कधी जोशी असतो, कधी वेडी असते, कधी महारीण असते. सोंग घेतल्यावर जे बोलता येतं ते स्वतःच्या तोंडानं बोलता येत नाही. इराकचं युद्ध चालू असताना बत्तीस वर्षांच्या माणसाला जे बोलायचं होतं त्याला सोंगच हवं होतं. ते पुढे २०१० मध्ये ब्रॉडवेवर नाटक म्हणून उभं राहिलं ह्यात मला काहीच नवल वाटलं नाही.

मी २००५ मध्ये हॉस्टेलच्या टीव्हीवर बुलेव्हार्डच पहिलं बघितलं होतं. त्यामुळे तू ज्याला ढीग म्हणतोस तो माझ्यासाठी दरवाजा होता.

---

जालना_स्टील (जालना)

मी तिसरा, जालन्याला उतरलेला. ड्रम वाजवतो, म्हणून थोडं त्याच्याबद्दल.

गोदाकाठ, तू चार अल्बमांची एक मोळी बांधलीस ती मला पटत नाही. थर्टीनाइन स्मूदवर ट्रे कूल नाहीच. त्यावर जॉन किफमायर आहे. ट्रे आला १९९० च्या शेवटी, त्यामुळे त्याचा पहिला अल्बम कर्प्लंक. ड्रमवाल्याच्या कानाला बँड तिथून सुरू होतो. बास्केट केसमध्ये ओळ संपायच्या आधी तो जी भरणी (ड्रमचा छोटा जोडतुकडा) करतो ती इतकी नेमकी आहे की गाणं ऐकताना लोक तोंडानं ती भरणी वाजवतात. मुंबईतही आजूबाजूचे सगळे हवेत हात मारत होते, गाणारे कमी होते.

नंतरच्या अल्बमांत ट्रे कमी पडला असं मला कधी वाटलं नाही. जीझस ऑफ सबर्बिया या गाण्यात नऊ मिनिटांत पाच वेळा ठेका बदलतो आणि एकही सांधा दिसत नाही. हे डूकीच्या वेळी त्याला जमलं असतं का? माझ्या मते नाही.

पण ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी ब्रेकडाउन, २००९ चा, तो मला जड जातो. तीन अंकांचं नाटक केलंय, आणि अमेरिकन इडियटला जी घाई होती ती त्यात नाही. आणि २०१२ चे उनो, दोस, ट्रे हे तीन अल्बम एकाच्या जागी तीन काढले. निवडून एक केला असता तर तो डूकीच्या शेजारी बसला असता असं मी आजही म्हणतो.

---

बालाघाट (बीड, सध्या चाकण)

मी इथं लिहायला भितो, तुमच्यासारखं वाद्य येत न्हाई मला. पण वेलकम टू पॅराडाइजचं नाव निघालं म्हणून लिहायलो.

हे गाणं बेसचं हाय का ढोलाचं हाय ते तुम्ही ठरवा. गाणं कशावर हाय ते बगा. पोरगं आईचं घर सोडून ओकलंडात पडक्या जागेत राहायला जातंय. पयल्यांदा भ्यालेलं हाय, रडायलंय, आजूबाजूला सगळं मोडकं. आन मग हळूहळू त्याला तीच जागा आपली वाटायला लागती. मी २०१२ मधी गावाकडून चाकणला आलो. दुष्काळ पडलेला, विहिरीला पाणी न्हाई, बापानं म्हणलं जा बाबा. एका खोलीत आमी सहा जण. शिफ्ट बदलली की गादीवरला माणूस बदलायचा, गादी तीच. रूमवरल्या एका सांगलीच्या पोराच्या मोबाईलमधी हे गाणं होतं, मेमरी कार्डवरून माझ्यात घेतलं. इंग्रजी कळत नव्हतं, त्यानंच अर्थ सांगितला. दोन वर्षं कंपनीच्या बसमधी रोज ऐकलं मी ते.

म्हणून मी पयल्या अल्बमवाला. कारण तवा ते जे गात होते ते जगत होते. नंतर मोठ्या घरात राहून तुटलेल्या गावाबद्दल लिहिणं वेगळं.

आन गोदाकाठ, मोठ्या कंपनीचा मुद्दा तुम्ही लई पटकन सोडून दिला. बर्कलीला ९२४ गिलमन स्ट्रीट म्हणून जागा होती. पोरांनी पोरांसाठी चालवलेली, मोठ्या कंपनीच्या बँडला तिथं बंदी. ग्रीन डे तिथंच वाढले, आन रिप्राइजशी करार झाल्यावर त्यांनाच दार बंद झालं. इन्सॉम्नियाकवर एटी सिक्स नावाचं गाणं हाय, ते त्याच्यावरच हाय. आपल्याच माणसांनी आपल्याला परकं केलं, ह्याच्यावरलं. म्हणजे त्यांना सोताला लागलं होतं ते. तुम्ही म्हणता काय बिघडलं न्हाई, पण त्यांनाच वाटत होतं काहीतरी सुटलंय.

---

पैठणगेट

बालाघाट, भिऊन कशाला लिहायचं? इथे वाद्य येणाऱ्यांपेक्षा तुम्ही जास्त ऐकलंय हे गाणं.

गिलमनबद्दल बरोबर आहे तुमचं. पण दोन गोष्टी जोडते. छोटी कंपनी म्हणजे सचोटी आणि मोठी म्हणजे विक्री असा सरळ हिशेब बसत नाही. २००५ मध्ये ग्रीन डेनं लुकआउटकडून आपले सुरुवातीचे अल्बम काढून घेतले, कारण त्यांच्या मानधनाची रक्कम थकली होती. दुसरं, २०१५ मध्ये ते गिलमनला परत वाजवून आले. मदतनिधीचा कार्यक्रम होता. दार उघडायला वीस वर्षं लागली, पण उघडलं.

---

बालाघाट

हे मला म्हाईत नव्हतं, पैठणगेटताई. परत बोलावलं हे ऐकून बरं वाटलं. तरी गाणं माझं तेच राहणार.

---

दुधना (परभणी)

मी वीस वर्षांची आहे, बी.एस्सी. करते. दादा-ताई लोकहो, एक सांगू? आमच्यासाठी आधीचे आणि नंतरचे असं काही आलंच नाही. मी पहिल्यांदा ऐकला तो जानेवारी २०२४ मधला सेव्हिअर्स. मग फोननंच पुढे डूकी लावला, मग मधलेच कुठले तरी. कुठला कधीचा हे मी नंतर बघितलं. त्यामुळे तुम्ही ज्या रेषेवर भांडताय ती रेषा मला कानानं शोधावी लागली.

शोधली तेव्हा मला बेस नाही सापडला, वेगळंच सापडलं. इन्सॉम्नियाकमध्ये गीक स्टिंक ब्रेथ आहे. नशेवरचं गाणं आहे, मेथ नावाच्या अमली पदार्थावरचं. दात किडताहेत, अंग खाजतंय, आणि गाणाऱ्याला त्याचं काही नाही, अंगावर घेऊन मिरवतोय. सेव्हिअर्समध्ये डायलेमा आहे. तेही नशेवरचंच. पण तिथे माणूस थांबला आहे आणि आपल्याला काय झालंय ते बघतोय. पहिल्याच्या वेळी बिली जो तेवीस वर्षांचा होता, दुसऱ्याच्या वेळी एक्कावन्न. मधे २०१२ मध्ये तो उपचारालाही जाऊन आला. एकच माणूस, एकच दुखणं, अठ्ठावीस वर्षांचं अंतर.

मला दोन्ही एकापाठोपाठ ऐकायला आवडतात आणि एकटं कुठलंच पुरत नाही. आमच्या गल्लीत दारूमुळे दोन घरं मी कोसळताना बघितलीत. पहिल्या गाण्यासारखी माणसं मला माहीत आहेत. दुसऱ्या गाण्यापर्यंत पोचलेला एकच माणूस माहीत आहे, तो माझा मामा.

म्हणून गोदाकाठदादांना विचारते, तुम्ही सेव्हिअर्स नीट ऐकलात का? निर्माता परत रॉब कव्हॅलोच आहे, डूकीचा.

---

गोदाकाठ

दुधना, खरं सांगायचं तर दोनदाच ऐकला होता, तोही कामात असताना. तुझा प्रतिसाद वाचून काल रात्री गीक स्टिंक ब्रेथ आणि डायलेमा लागोपाठ ऐकली, तीन वेळा. तू म्हणतेस ते आहे त्यात. मी बेस धरून ऐकतो, त्यात शब्द मागे पडतात, ही माझी सवय आहे आणि ती ह्या वादात मला आडवी आली.

पैठणगेट, वॉर्निंगबद्दल हरलो. शीर्षकगीत वाजवून बघितलं. बेस तिथे डूकीइतकाच पुढे आहे. त्यामुळे माझी रेषा १९९५ वर न ठेवता २००० वर ठेवतो. निमरॉड आणि वॉर्निंग आत घेतो.

पण अमेरिकन इडियटबद्दल अजून अडून आहे. तिघांनी लिहिलं, तिघांनी गायलं, हे मान्य. हॉलिडेच्या मधल्या भागात गिटार मागे सरते आणि बेस-ढोलावर बोलणं चालतं तेही मान्य. बाकी अल्बमभर मात्र माइक गिटारच्या मुळाशी सूर धरून उभा आहे. तो उभाच राहू शकतो, चालू शकत नाही, इतकी गर्दी आहे. सोंगाचा मुद्दा मला आवडला, पण भारुडात मागे टाळ-मृदंग वेगळे ऐकू येतात, एवढंच म्हणतो.

---

जालना_स्टील

गर्दी आहे हे मलाही वाटतं, पण ती गोष्टीची गर्दी आहे. त्या अल्बमला शहर हवं होतं. एक्स्ट्रॉर्डिनरी गर्लच्या सुरुवातीला तबल्यासारखा ठेका का आहे? लेटरबॉम्ब एका बाईच्या आवाजानं का सुरू होतं? डूकी ही खोली आहे. त्या खोलीत तीनच माणसं मावतात, म्हणून तिघेही ऐकू येतात.

---

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

दोन दिवस वाचतोय. गोदाकाठ यांनी पहिल्याच प्रतिसादात सप्टेंबरचं गाणं रेडिओसाठी बेतलंय असं लिहिलं. राग आला नाही, पण त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ते गाणं बिली जोनं वडिलांसाठी लिहिलंय. वडील ट्रक चालवायचे आणि जाझ वाजवायचे. सप्टेंबर १९८२ मध्ये कर्करोगानं गेले, तेव्हा हा दहा वर्षांचा होता. गाणं यायला बावीस वर्षं गेली. त्याच्या व्हिडिओत युद्ध दाखवलंय, सैनिक दाखवलेत, त्यामुळे पुष्कळांना ते युद्धाचं वाटतं. आहे ते बापाचं.

मी किल्लारीच्या जवळचा. गावाचं नाव लिहीत नाही. १९९३ मध्ये मी नऊ वर्षांचा होतो. गणपती विसर्जन करून गाव दमून झोपलेलं, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आमची घरं दगड-मातीची, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दरवर्षी वर मातीचा थर चढवायचे, चांगलं दोन-दोन हात जाड असायचं ते. ते सगळं खाली आलं. वडील आणि धाकटी बहीण आत होते. आई आणि मी अंगणात झोपलो होतो म्हणून राहिलो. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो कितीतरी महिने, मग नवं गाव मिळालं, आखलेले रस्ते, एकसारखी घरं. मी पुढे लातूरला अकरावीला गेलो, हॉस्टेलवर राहिलो.

२००६ मध्ये पुण्यात नोकरीला असताना सहकाऱ्यानं हे गाणं ऐकवलं. मी तोवर इंग्रजी गाणी ऐकत नव्हतो. शीर्षक ऐकूनच मी हेडफोन काढून ठेवला. रात्री परत लावलं. आमच्याकडे सप्टेंबर संपतो म्हणजे काय होतं हे बाहेरच्याला सांगता येत नाही. महिनाभर घर कसं वागतं ते, आई कोणत्या दिवशी बोलायची थांबते ते. आणि इथे अमेरिकेतला कोणी ट्रकवाल्याचा मुलगा महिन्याचं नाव घेऊन तेच म्हणत होता.

ज्या वर्षी आमचं गाव गेलं त्याच वर्षी डूकी रेकॉर्ड झालाय, हे मला नंतर कळलं. डूकी मला आवडतो. पण तो मी मन लावून ऐकतो तेव्हा मला सतत वाटतं, वडील जाऊन ह्याला अकरा वर्षं झालेली आहेत आणि हा अजून त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीये. इकडे तिकडे उड्या मारतोय, टीव्ही बघतोय, घाबरतोय, पण ते सांगत नाहीये. मीही नव्हतो सांगत. कॉलेजात कोणी विचारलं तर वडील शेती करतात असं सांगायचो.

मला नंतरचे अल्बम हवे आहेत ते एवढ्यासाठी. तो बोलेपर्यंत थांबला, आणि बोलला.

---

बालाघाट

मांजराकाठ दादा, नमस्कार करतो तुम्हाला.

माझं वरचं वाक्य, नंतर ते जगत नव्हते म्हणून, ते मी मागं घेतो.

---

गोदाकाठ

मांजराकाठ, तुम्ही लिहिलंत त्यावर काय लिहावं हे मला कालपासून सुचत नव्हतं. ‘रेडिओसाठी बेतलंय’ हे मी न ऐकता लिहिलं होतं. माफ करा.

मला जे येतं तेच करावं म्हणून रात्री बेस घेऊन ते गाणं बसवलं. आणि मला जे सापडलं ते तुम्हाला सांगायचं आहे. गाणं जी (G) पट्टीत आहे. जीला सा धरा. सुरुवातीला बिली जो एकटाच अकूस्टिकवर सूर सुटे सुटे वाजवतो, आणि त्यात जाड तारेवरचा सूर पायरी पायरीनं उतरतो: सा, नि, ध, प. सा, नि, ध, प. मी अख्ख्या धाग्यात जो उतरता बेस शोधत होतो तो इथे आहे, फक्त बेस गिटारवर नाही, गिटारच्या खालच्या तारांवर आहे. त्यानंतर म येतो, शुद्ध ध बरोबर घेऊन, म्हणजे सी (C) मेजर कॉर्ड. आणि लगेच तोच कॉर्ड मायनर होतो, म्हणजे शुद्ध धैवताच्या जागी कोमल धैवत. एकच सूर अर्धी पायरी खाली सरकतो आणि परत सा. सगळं गाणं त्या एका कोमल धैवतावर आहे. माइक तिथे काही कसरत करत नाही, त्या सुराच्या वाटेतून बाजूला उभा राहतो. मी त्याला गर्दीत हरवलेला म्हणालो होतो. ह्या गाण्यापुरतं तरी ते खोटं आहे.

बाकी अल्बमबद्दल माझं मत तेच आहे, पण आता पूर्ण अल्बम शब्द वाचत परत ऐकेन आणि मगच लिहीन.

---

दुधना

गोदाकाठदादा, कर्प्लंक आज पहिल्यांदा पूर्ण ऐकला. वेलकम टू पॅराडाइज मला कर्प्लंकवरचंच जास्त आवडलं. आवाज खरखरीत आहे, पण बालाघाटदादांनी सांगितलेली खोली मला त्यातच दिसली.

क्रिस्टी रोडमधला बेस कसा वाजवायचा ते कधी सांगाल का? मला गिटार येते थोडी, बेस नाही.

---

मांजराकाठ

गोदाकाठ, माफी कसली. तुम्ही वाजवून बघितलंत.

आमच्या घरी पेटी आहे. आई भजनात वाजवते, नव्या गावातलं मंडळ आहे बायकांचं. मला वाजवता येत नाही, पण तुम्ही लिहिलेले सूर तिला वाचून दाखवले. सा, नि, ध, प, मग म, मग कोमल ध, परत सा. तिनं दोन-तीनदा वाजवलं. मी कोमल ध सारखा लांबवत होतो गुणगुणताना, तर म्हणाली तिथं थांबू नको, तो नुसता लागून जायला पाहिजे. मग फोनवर गाणं लावलं. तिनं पूर्ण ऐकलं, चाल बरोबर आहे म्हणाली. कशाबद्दल आहे ते मी अजून सांगितलेलं नाही.

एक विचारायचं होतं. मधे ढोल सुरू होतात त्याच्या आधी बेस आत येतो की त्यांच्याबरोबरच येतो? मला कानानं नक्की कळेना. किती मिनिटाला येतो ते लिहा, मी तिथून लावून ऐकतो.